युग बदललं की नाव बदलतं

जेवणं उरकली असतील तर बसून ऐका, नसतील तर भाकऱ्या थापता थापता ऐका. आज पीकविमा नाही, शेळ्यांचं लसीकरण नाही, हप्त्याची तारीखसुद्धा नाही. आज आम्ही एका व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गटाच्या अध्यक्ष ताई, सचिव, आमच्यात सगळ्यांत वडील असलेल्या आक्का आणि तुमच्याशी बोलणारी ही समन्वयक, अशा आम्ही चौघी गेल्या मे महिन्यात सात रात्री तो गेम खेळलो. आक्कांचा चष्मा आणि आम्हा सगळ्यांचं इंग्रजी, दोन्ही अपुरं पडलं. तरी एक आख्खा डाव शेवटाला नेला.

गेमचं नाव सिव्हिलायझेशन सेव्हन. मराठीत म्हणायचं तर ‘संस्कृती’, भाग सातवा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली फिरॅक्सिस नावाची कंपनी तो बनवते. या मालिकेतला पहिला गेम १९९१ साली आला, तेव्हा आमच्यातल्या निम्म्याजणी पाळण्यात होत्या. सहावा २०१६ साली आला आणि हा सातवा ११ फेब्रुवारी २०२५ ला. इतकी वर्षं लोक तो खेळत आहेत, म्हणजे त्यात काहीतरी असणार.

खेळ असा आहे. पडद्यावर जमीन दिसते, तिच्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा कोनांची घरं पाडलेली. तुमच्याकडे सुरुवातीला एक जथा, नवी वस्ती वसवायला निघालेला. नदीकाठ बघायचा, बसायचं, गाव वसवायचं. मग एक पाळी तुमची, एक पाळी दुसऱ्यांची. प्रत्येक पाळीला ठरवायचं, शेत वाढवायचं का खाण खणायची, धान्याचं कोठार आधी का तटबंदी आधी. शेजारी इतर राजेराण्या तेच करत असतात. त्यांच्याशी व्यापार करा, मैत्री करा, नाहीतर लढा. वर एका ओळीत हिशेब चालू असतो: सोनं, विज्ञान, संस्कृती, आनंद, आणि एक ‘वजन’. वजन म्हणजे चारचौघांत आपला शब्द किती चालतो ते. तेही खर्च होतं बरं का, एकदा वापरलं की कमी होतं. अध्यक्ष ताई म्हणाल्या, हे तर ग्रामसभेतच शिकलो आपण.

आता आम्ही यात पडलो कशा, ते सांगतो. एप्रिलच्या बैठकीत आमच्या एका सदस्य ताईंनी मुलाच्या फीसाठी २५ हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं होतं. मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मेच्या बैठकीत त्याच उठून म्हणाल्या, माझं कर्ज थांबवा. पोरगा सुट्टीला घरी आला होता आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लॅपटॉपसमोर बसत होता. ‘पैसे भरून गेम घेतलाय’ असं तोच म्हणाला होता. आमच्या भागात ‘पैसे भरून गेम’ म्हटलं की पोटात गोळा येतो. मोबाइलवरच्या रमीत एका घराच्या दोन म्हशी गेलेल्या सगळ्यांनी बघितल्या आहेत. बैठकीत दोन बाजू झाल्या. काहीजणी म्हणाल्या, गटाच्या पैशावर जुगार नको. काहीजणी म्हणाल्या, न बघता पोराला जुगारी म्हणू नका. शेवटी ठराव झाला आणि वहीत लिहिला गेला: चौघींनी जाऊन गेम बघावा आणि पुढच्या बैठकीत सांगावं. मुलगा आधी लाजला. मग सोप्यात लॅपटॉप मांडून म्हणाला, नुसतं बघू नका काकू, खेळा.

पहिली गोष्ट पहिल्याच रात्री कळली, ती लगेच सांगतो. यात पैज नाही. पैसे लावायचे आणि पैसे जिंकायचे असं काही नाही. सिनेमाचं तिकीट काढावं तसा गेम एकदा विकत घ्यायचा. अमेरिकेत त्याची किंमत ७० डॉलर ठेवली होती, म्हणजे तेव्हाच्या भावानं सहा हजारांच्या आसपास. थोडी नाहीच ती. त्याहून महाग प्रतीही होत्या, १०० आणि १३० डॉलरच्या, आणि त्या घेणाऱ्यांना पाच दिवस आधी, ६ फेब्रुवारीपासून खेळायला मिळालं. शिवाय गेम आल्यावर नव्या राज्यांचे, नव्या नेत्यांचे जादा भाग वेगळे विकायला काढले. गंमत म्हणजे ब्रिटनचं राज्य मूळ गेममध्ये नव्हतंच, मार्चमध्ये वेगळ्या पैशांत आलं. जगभरच्या खेळणाऱ्यांनी यावर नाकं मुरडली. आमच्या सचिव म्हणाल्या, इंग्रज पैसे दिल्याशिवाय येत नाहीत हे बरंय, मागच्या वेळी फुकट आले होते आणि सगळं घेऊन गेले.

तर ज्यांनी आधी पैसे भरून आधी खेळायला घेतलं, त्यांची पहिली मतं काय होती? हा गेम ज्या ऑनलाइन दुकानात विकतात तिथं घेणारे आपलं मत लिहितात. त्या मतांची बेरीज करून दुकान शेरा देतं, आणि या गेमवर शेरा पडला ‘संमिश्र’. मुलानं आम्हाला कितीतरी मतं वाचून दाखवली. कोणी लिहिलं होतं, याआधीचा भाग हजार तास खेळलोय, हा दहा तासांत बंद केला. कोणी लिहिलं होतं, इतका देखणा गेम आजवर झाला नाही. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, असं आता सात रात्रींनंतर आम्ही म्हणू शकतो.

देखणा तो आहेच. घरांच्या कौलांपासून बाजारातल्या छत्र्यांपर्यंत सगळं दिसतं. मालिकेत पहिल्यांदाच मोठ्या नद्यांतून नावा, जहाजं आत देशात जाऊ शकतात, ते फार जणांना आवडलं. सैन्याचंही सोपं केलंय. आधी एकेक तुकडी हातानं हलवत बसावं लागायचं, आता सेनापतीच्या हाताखाली चार-सहा तुकड्या एकत्र बांधून नेता येतात. मधूनमधून गोष्ट सांगणारा आवाज आहे तो ग्वेंडोलिन ख्रिस्टी या इंग्रज अभिनेत्रीचा. काय बोलते ते कळलं नाही तरी आक्का तिचं ऐकत बसायच्या.

आणि तक्रार? सगळ्यांत मोठी तक्रार युद्धाबद्दल नव्हती, राजांबद्दल नव्हती. माहिती नीट दाखवत नाही, ही होती. आकडा दिसतो, पण तो कुठून आला ते दिसत नाही. शहरात इमारती इतक्या दाट की कुठली काय ते ओळखू येत नाही. माहितीकोश आहे, पण त्यात हवं ते सापडत नाही. कंपनीनं पहिल्या काही दिवसांतच मान्य केलं की हे सुधारावं लागेल. नंतरच्या दुरुस्त्यांमध्ये थोडं सुधारलंही. आम्हाला ही तक्रार वाचून फार बरं वाटलं. आजपर्यंत अर्जाच्या खिडकीवर ‘हे कळत नाही’ म्हटलं की आपणच अडाणी ठरतो. इथं शिकलेसवरलेले, पैसे मोजलेले लोक बिनदिक्कत म्हणत होते, आम्हाला कळत नाही म्हणजे तुमचं लिहिणं चुकलंय. हे वाक्य पाठ करून ठेवण्यासारखं आहे. भाषेचं तर विचारूच नका. रशियन, पोलिश, कोरियन भाषांत हा गेम मिळतो. हिंदीत नाही, मराठीत तर नाहीच. मुलगा शेजारी बसून सांगत होता म्हणून आम्ही खेळू शकलो.

आता राज्य कोणाचं घ्यायचं? यावेळचा एक मोठा बदल असा की नेता वेगळा निवडायचा आणि राज्य वेगळं. आधी असं नव्हतं. आता रोमचा सम्राट ऑगस्टस माया लोकांचं राज्य चालवू शकतो. जुन्या खेळणाऱ्यांना हे खटकलं. आम्हाला मात्र निवडायला मजा आली, कारण नेत्यांत सगळे राजेच नाहीत. चीनचा कन्फ्यूशियस आहे, प्रवासी इब्न बतूता आहे, इजिप्तची राणी हत्शेप्सुत आहे, व्हिएतनामची त्रुंग त्राक आहे. आपला सम्राट अशोक आहे, शस्त्र खाली ठेवलेला. त्याच्या शहरात लोक जितके आनंदी, तितकं अन्न जास्त पिकतं. अध्यक्ष ताईंना अशोकच हवा होता.

पण आक्कांनी बोट ठेवलं ते हॅरिएट टबमनवर. डोक्याला रुमाल बांधलेली काळी बाई बघून त्यांनी विचारलं, ही कुठली राणी? मुलानं सांगितलं, राणी नव्हती, गुलाम होती. जिथं हा गेम बनतो त्याच मेरीलँड राज्यात ती जन्मली. १८४९ साली मालकाच्या हातून निसटली आणि गप्प घरी बसली नाही. पुन्हा पुन्हा परत गेली आणि रानावनातून, रात्रीच्या अंधारात, सत्तरएक माणसांना सोडवून आणलं. गेममध्ये तिची माणसं झाडीतून चालताना अडखळत नाहीत. इतरांचा वेग दाट रानात कमी होतो, तिच्या माणसांचा होत नाही. आक्का म्हणाल्या, मग हिच्याच हातात द्या राज्य. अशा रीतीनं हॅरिएट टबमनच्या हाताखाली मौर्यांचं राज्य सुरू झालं. इतिहासाचे मास्तर ऐकत असतील तर त्यांनी आम्हाला माफ करावं.

मैत्रिणींनो, आता ज्या बदलावरून सगळ्यांत जास्त भांडणं झाली, तिकडे येतो. आधीच्या भागांत तुम्ही एक राज्य निवडलंत की शेवटपर्यंत तेच. भारत घेतला तर बैलगाडीपासून अवकाशयानापर्यंत भारत. या भागात तीन युगं केली आहेत: प्राचीन, मग समुद्रप्रवासाचं, मग आधुनिक. गेम आला तेव्हाचा नियम असा: एक युग संपलं की तुमच्या राज्याचं नाव बदलतं, ओळख बदलते. मौर्य होता, आता चोळ व्हा. चोळ होता, आता मुघल व्हा. किंवा दुसरंच काही व्हा. नेता तेवढा तोच राहतो. राजधानी सोडून बाकीची शहरं पुन्हा साधी गावं होतात. चाललेलं युद्ध जिथं असेल तिथं थांबतं. सेनापतींच्या पदरी नसलेलं बरंच सैन्य नाहीसं होतं. जुन्या इमारती उभ्या असतात, पण त्यांची किंमत उतरलेली असते. आधीच्या युगात जे कमावलं त्याचे काही गुण मिळतात, ‘वारसा’ म्हणून. त्यांच्यातून काय सोबत न्यायचं ते निवडायचं. बाकी मागे.

खेळणारे यावर फार चिडले होते. माझं राज्य माझ्या हातून काढून घेतलं. इतके तास खपून जे उभं केलं ते पुसलं. मी जो होतो तो आता मी राहिलोच नाही. एका खेळणाऱ्यानं तर लिहिलं होतं की आता हे राज्य आपलं वाटतच नाही. मुलगा ही मतं वाचत होता आणि सोप्यात हळूहळू शांतता पसरली. मग अध्यक्ष ताई फिस्सकन हसल्या. म्हणाल्या, अरे बाळा, यांना म्हणावं, आमचं लग्न लागलं तेव्हा आम्ही कुठं तक्रार लिहिली?

खरंच आहे. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं जातं. ज्या नावानं अठरा-वीस वर्षं हाक ऐकली ते नाव एका दुपारी जातं, आडनाव जातं, गाव जातं. शेणानं सारवलेला तो कोपरा, लावलेलं झाड, पाळलेली शेळी, सगळं मागे. इकडे आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चूल कुठं, पाणवठा कुठं, कोणाशी गोड बोलायचं, कोणापासून लांब राहायचं. आक्का म्हणाल्या, वारसा म्हणून मी चवळीचं बी आणलं होतं पदराच्या गाठीला, अजून परसात त्याच वेलाचं बी धरते. अध्यक्ष ताईंनी आणला होता शिवणकामाचा हात. त्याच्यावर आज घर चालतंय. त्या रात्री तासभर खेळ पुढं गेलाच नाही. मुलगा लॅपटॉपवर हात ठेवून ऐकत बसला होता, आणि त्याची आई, जी इतके दिवस चहा देऊन आत जायची, ती उंबऱ्यावर येऊन बसली.

पण सगळ्यांचं एकमत झालं असं समजू नका. सचिव आमच्यात लहान, चोवीस वर्षांच्या. त्यांनी लग्नानंतर नाव बदललेलं नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही हसताय, पण ते खेळणारे बरोबर आहेत. ज्यानं उभं केलं त्याच्या नावावर ते राहायला पाहिजे. तुम्हाला सवय झाली म्हणून ते बरोबर होत नाही. आक्का म्हणाल्या, सवय नाही गं, जगणं होतं ते. सचिव म्हणाल्या, मग आपल्या गटात नऊजणींच्या पासबुकावर एक नाव आणि आधारवर एक नाव आहे, योजनेचा प्रत्येक अर्ज त्याच्यावर अडतो, त्या नऊजणींना विचारा हे जगणं कसंय ते. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. तेव्हाही नव्हतं, आज रेडिओवर बोलतानाही नाही.

एक फरक मात्र सगळ्यांना दिसला. खेळणारे बोलले. हजारोंनी बोलले, ठणकावून बोलले, आणि कंपनीला ऐकावं लागलं. गेम आला तेव्हा आपण वसवलेल्या गावाचं नावसुद्धा बदलता येत नव्हतं. खेळणाऱ्यांनी ओरड केली, महिना-दीड महिन्यात ती सोय आली. आमच्या डावात त्या सोयीचा पहिला वापर आक्कांनी केला. नदीकाठच्या एका मौर्य गावाला त्यांनी आपल्या माहेरचं नाव दिलं. इंग्रजी अक्षरं मुलानं टाइप केली, आक्का स्पेलिंग तपासत होत्या, एकही अक्षर येत नसताना.

खेडी आणि शहरं यांचाही या गेममध्ये नवा हिशेब आहे. नवी वस्ती आधी गाव म्हणूनच जन्मते. गावाची मेहनत थेट सोन्यात जमा होते, आणि गावाला एखादं काम नेमून दिलं की त्याचं अन्न जोडलेल्या शहराकडे जातं. गावाला शहर करायचं असेल तर सोनं मोजावं लागतं. बऱ्याच खेळणाऱ्यांना हे आवडलं. प्रत्येक गावात काय बांधायचं हे ठरवत बसायची कटकट वाचली, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते बघून घरचंच आठवलं. सकाळी सहाला दूध डेअरीत जातं, घरात चहा काळा. पण खेळताना आम्हीही काय केलं सांगू? सहा गावं गावंच ठेवली, कारण राजधानी फुगली की बरं दिसत होतं. राजाच्या जागी बसलं की नजर कशी फिरते, याची गंमत वाटली आणि थोडं कसंतरीही वाटलं.

वस्त्या किती असाव्यात याला मर्यादा आहे. जास्त केल्या की सगळीकडचा आनंद घटतो, लोक कुरकुरतात. खेळणाऱ्यांत यावर दोन मतं आहेत. आमच्यात नाहीत. गट दहा ते वीसजणींचाच का असतो, हे ज्यांनी पंचवीसजणींची बैठक घेऊन बघितलीय त्यांना सांगायला नको.

आणखी एक बदल. आधीच्या भागांत मजूर होते. छोटी छोटी माणसं पटावर चालत जायची, शेत नांगरायची, खाण खणायची. या भागात मजूर काढून टाकले. लोकसंख्या वाढली की तुम्ही फक्त जागा निवडायची, शेत आपोआप तयार. खेळणारे खूश, हलवाहलव कमी झाली. आक्का मात्र दुसऱ्या रात्रीपासून विचारत होत्या, नांगरलं कोणी? पेरलं कोणी? मुलगा म्हणायचा, आपोआप झालं आक्का. त्या म्हणायच्या, आपोआप काही होत नाही, आपोआप झालं असं दिसतंय म्हणजे करणारं माणूस दाखवत नाहीत. पुढं त्या प्रत्येक नव्या शेताला हाच प्रश्न विचारायला लागल्या आणि मुलगाही हसून म्हणायला लागला, आक्का, आज तुम्हीच नांगरलंत.

युग संपत आलं की संकट येतं. आमच्या दुसऱ्या युगाच्या शेवटी साथ आली. त्या वेळी काही कडक धोरणं घ्यावीच लागतात, आणि ती सगळी नुकसानीचीच असतात. यातलं कुठलं नुकसान सोसायचं ते निवडा, एवढंच हातात. काही खेळणाऱ्यांनी लिहिलं होतं, यात मजा काय? आम्ही तिथं फार वेळ घेतला नाही. पाऊस गेला की शेळी विकायची का मंगळसूत्र गहाण ठेवायचं, याची आम्हाला सवय आहे. पटकन ठरवलं आणि पुढं गेलो. मुलगा म्हणाला, इथं मला अर्धा तास लागतो काकू.

वेळेबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्या आईची काळजी खोटी नव्हती. या मालिकेचं एक वाक्य जगभर प्रसिद्ध आहे: अजून एकच पाळी. एक पाळी संपते तेव्हा पुढच्या पाळीला काहीतरी पिकायला आलेलं असतं, काहीतरी बांधून व्हायचं असतं, म्हणून उठवत नाही. अकरा वाजता उठायचं ठरवून आम्ही चौघी साडेबाराला उठलोय, दोन वेळा. घरची माणसं ओरडली. पैसे नाही खात हा गेम, पण रात्र खातो. ज्यांची मुलं परीक्षेला बसलीत त्यांनी हे लक्षात घ्या, आणि ‘गेम बंद कर’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून तो कुठला गेम आहे ते बघा. पैसे लावायचे आहेत का, दर वेळी पैसे मागतो का, का एकदाच घेतलाय, एवढं विचारलं तरी निम्मं कळतं.

जूनच्या बैठकीत आम्ही हे सगळं सांगितलं. पैज नाही, वेळ जातो, मुलगा शिकवतो चांगलं. दोघीजणी शेवटपर्यंत कुरकुरत होत्या. एक म्हणाली, एवढे पैसे गेमला होते तर फीला का नव्हते? प्रश्न रास्त होता. मुलानं सुट्टीत एका दुकानात काम करून ते जमवले होते, हे आईनंच सांगितलं, आणि तिलाही ते त्या आठवड्यातच कळलं होतं. कर्ज मंजूर झालं. अट एकच, फीची पावती गटाच्या फाइलला लागली पाहिजे.

डाव आम्ही जिंकलो नाही, हे सांगायचं राहिलं. आधुनिक युगात मौर्यांचे चोळ, चोळांचे मुघल होऊन आम्ही रेल्वेपर्यंत पोचलो. जिंकायचा एक रस्ता पैशाचा आहे आणि तो भारी आहे. कारखान्यांतून माल फिरवून पुरेसे गुण जमले की एक ‘महान बँकर’ मिळतो. तो पटावर खरोखर चालत, रेल्वेनं, बोटीनं एकेका राज्याच्या राजधानीत जातो आणि तिथं जागतिक बँकेची शाखा उघडतो. सगळ्या राजधान्या झाल्या की जिंकलात. बँकेचा साहेब स्वतः दारात येतो, हे बघून सोप्यात जे हसू फुटलं ते थांबेना. आपल्याला तर एका खात्यासाठी तालुक्याला चार चकरा. आमचा बँकर दोन राजधान्यांत पोचला तोवर युगाची घडी भरली आणि गुणांवर अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन पुढं निघाला. अध्यक्ष ताईंना ते फार लागलं. अशोक घेतला असता तर जिंकलो असतो, असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

मुलगा पुण्याला जाईपर्यंत दोन शनिवार आहेत. यावेळी नवा डाव, आणि नेता अशोक. रात्री साडेआठला, त्यांच्याच सोप्यात. ज्यांना यायचंय त्यांनी या, येताना बसायला आपलं घोंगडं किंवा पोतं आणा, सोपा लहान आहे. लाइट गेली तर लॅपटॉप दोन तास चालतो. आक्कांनी आधीच सांगून ठेवलंय की पहिल्या शेताच्या वेळी त्यांचा प्रश्न त्या विचारणारच. नमस्कार.